शेरडाची चरबी

मोडनिंबापासून सांगोल्यापर्यंतच्या बाजारांत मेंढरांचा सौदा अडला, की लोक गुंडाला हाक मारत. गुंडा दलाल येई, मेंढ्याच्या कण्यावर चार बोटं ठेवी, दोन्ही अंगांना अंगठा दाबून बघे आणि सांगे, "मास हाय, चरबी न्हाय. म्हैनाभर भरडा चारा, मग आणा." एवढं झालं की विकणारा आणि घेणारा दोघेही गप्प. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. एखाद्या वेळी चुकलाच, तर गुंडा तो जनावराचा दोष मानी.

अशा माणसाला स्वतःच्या अंगाबद्दल शंका यायचं कारणच नव्हतं. पन्नाशीला आलेला गुंडा शेवग्याच्या शेंगेसारखा वाळका होता. शर्ट काढला, तर बरगड्या लांबून मोजाव्यात. त्यात त्यानं मटणही सोडलेलं. ज्यांच्या जिवावर पोट भरतं त्यांनाच पोटात घालू नये, असं त्याला एका वर्षी वाटलं आणि ते त्यानं नेटानं पाळलं. 'चरबी' हा शब्द तो दोघांपुरताच वापरी, एक मेंढा आणि दुसरा गावचा सरपंच.

त्याची थोरली बहीण अंबुबाई, त्याची अक्का, सोलापुरात मुलाकडे राहायची. मुलगा कुमार नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला होता. अक्काला साखरेचा आजार पुष्कळ वर्षांचा. त्या आजारानं शेवटी तिच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसायची पाळी तिच्यावर आली. कुमारचा रक्तगट जुळला नाही, गुंडाचा जुळला. डॉक्टरांनी अजून काही विचारलंही नव्हतं, तोवर गुंडा बोलून मोकळा झाला, "माझी घ्या की. दोन हायत, त्यातली एक नुसती बसून खातीया."

सगळे हसले, पण त्या बोलण्यामागं काय आहे ते घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. आईबाप मेंढरांमागं रानोमाळ हिंडत, तेव्हा गुंडाला अक्कानंच कडेवर वागवलं होतं. बाभळीखाली दोघं बाजार बाजार खेळायची. खडे म्हणजे मेंढरं आणि अक्काच्या पदराखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचा, कारण खऱ्या बाजारात असाच रुमालाखाली हात घालून भाव होतो आणि तिसऱ्याला काही दिसत नाही. त्यांच्या घराण्यात आणखी एक खूण होती. भाऊबीजेला बहिणीला मेंढी द्यायची, तेव्हा भाऊ तिचं बोट धरत नाही. तिची सगळी बोटं मिटवून तो अख्खी मूठ हातात घेतो. म्हणजे हिला भाव नाही, ही तुझीच. बाजारात ही खूण कुणी कधी वापरत नाही.

तर गुंडाच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर महेश्वरींनी त्याला समोर बसवलं. तरुण बाई होती, पण बोलायला सरळ.

"मामा, तुमची किडनी उत्तम आहे. पण आज मी ती घेऊ शकत नाही."

"का वं?"

"तुमची साखर अजून मधुमेहात गेलेली नाही, पण उंबऱ्यावर उभी आहे. आणि रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड म्हणतो आम्ही, ती हवी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात, ते कमी आहे."

गुंडा मोठ्यानं हसला. "म्याडम, कुणाचं तरी रगत बदललंय. माझ्या अंगावर चरबी? हितं दाबून बघा की." असं म्हणून त्यानं खरोखरच वळून पाठ पुढं केली. दारातल्या सिस्टरनं तोंड फिरवून हसू दाबलं. डॉक्टर हसल्या नाहीत.

"ही चरबी पाठीवर हात फिरवून कळत नाही, मामा. चरबी आणि साखर ही काही वेगळ्या गावची पाहुणी नाहीत. अंगातलं इन्सुलिन नीट काम करेनासं झालं, की यकृत चरबी बनवून रक्तात सोडत राहतं. साखर वाढलेली दिसते त्याच्या कितीतरी आधी ही चरबी वाढलेली असते. अशा प्रत्येकाला मधुमेह होतोच असं नाही, पण धोका मोठा असतो. त्यात तुमच्या आईला होता, बहिणीला आहे. उद्या तुमची एक किडनी काढली आणि पुढं तुम्हाला मधुमेह झाला, तर उरलेली एकटी कशी तग धरणार? अक्कांच्या शेजारच्या खुर्चीत तुम्हाला बसवण्यासाठी मी हे ऑपरेशन करू का?"

जन्मभर दुसऱ्यांची जनावरं नाकारत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी नाकारलं होतं, आणि तेही चरबीवरून. त्याला भयंकर अपमान वाटला. बाहेर येऊन त्यानं कुमारला सांगितलं, की मशीन बिघडलंय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! कुमारनं मामाच्या समाधानासाठी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं. तिथंही तेच आलं.

अक्काला हे कळलं, तेव्हा ती डायलिसिसहून येऊन भिंतीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण आवाज थोरल्या बहिणीचाच.

"बरं झालं बाईनं सांगितलं ते. त्या खुर्चीत काय असतं ते मी बघतीया. तितं तू बसलेला मला बघवायचं न्हाय, गुंड्या. चरबी उतरव, न्हायतर माझ्याफुडं किडनीचं नाव काढू नगंस."

"उतरवतो की. त्यात काय लई मोठं?"

"बघू."

त्या 'बघू'नं गुंडा पेटला. गावी आला तो घरात हुकूम सोडतच. तेल बंद. तूप बंद. शेंगाचटणीचा डबा फळीवरून उतरवून शेजारी देऊन टाकला. सोलापूरच्या माणसानं शेंगाचटणी सोडणं म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्याची बायको सुकन्या म्हणाली, "आवो, म्याडमनी गोडाचं बी सांगितलंय म्हणं, चालायचं बी सांगितलंय." ते खरं होतं. पण गुंडाच्या डोक्यात चरबी एवढी एकच गोष्ट बसली होती, आणि चरबी म्हणजे तेलतूप, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कोरडी भाकरी घशाखाली उतरेना, म्हणून तो तिच्यावर गूळ घेऊ लागला. बाजारात भजी दिसली की मान फिरवायचा आणि तेवढा मोह जिंकल्याचं बक्षीस म्हणून एक चहा जास्त प्यायचा, चार बिस्किटं बुडवून. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार. चार महिन्यांनी तो सोलापूरला गेला तो मिशीला पीळ देत, आणि रिपोर्ट आला तेव्हा चरबी आधीपेक्षा वाढलेली होती.

या वेळी मात्र गुंडा हसला नाही. "म्याडम, बिरोबाची आण, तेलाचा थेंब न्हाय खाल्ला मी."

"माझा विश्वास आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गोड काय खाता?"

"गोड? घासभर गूळ. बाकी काय न्हाय."

"चहा किती होतो?"

गुंडाला प्रश्नच विचित्र वाटला. चहा काय खाणं आहे? चहा म्हणजे सौदा. रुमालाखाली भाव ठरला, की विकणारा, घेणारा आणि दलाल असे तिघं मिळून चहा घेतात. तो पोटात गेला की शब्द पक्का. त्याआधी कुणीही माघार घेतली तरी चालते, चहानंतर घेतली तर बाजारात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि बाजारचा चहा म्हणजे चमचा उभा राहील इतकी साखर. प्रत्येक सौद्याला गुंडा, तेव्हा प्रत्येक सौद्याचा चहाही गुंडाला. हे सगळं त्यानं अभिमानानं सांगितलं आणि सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"ती सगळी साखर यकृताकडे जाते, मामा," डॉक्टर म्हणाल्या. "खर्च झाली नाही, तर तिची चरबी होते. तुमचे वडील दिवसभर मेंढरांमागं चालायचे. तुम्ही मोटारसायकलवर बाजार करता. हे बघा." त्यांनी सोनोग्राफीचं चित्र उजेडात धरलं. "हे यकृत. हे जे पांढरट दिसतंय ना, ही चरबी. बाहेरून तुम्ही बारीक, पण आत साठलेली आहे."

गुंडा त्या चित्राकडे बघत राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला.

नव्या पोरांना बाजार शिकवताना जी गोष्ट तो पहिल्यांदा सांगे, तीच त्याला आठवली होती. मेंढराच्या पाठीवर हात ठेवा आणि खुशाल बोला. शेरडाच्या, म्हणजे शेळीच्या, पाठीवर कधी विश्वास ठेवू नका. शेरडाचा कणा टोचतो, बरगड्या हाताला लागतात, बघणाऱ्याला वाटतं की उपाशी मरतंय. आणि खाटकानं पोट फाडलं, की आतडी चरबीनं लडबडलेली, किडन्या चरबीत बुडालेल्या. शेरडाची चरबी आत असते.

"म्याडम," तो हळूच म्हणाला, "मी सोताला मेंढरू समजत हुतो. मी शेरडू हाय."

डॉक्टरांना अर्थ विचारावा लागला. कळल्यावर मात्र त्या पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या. शेंगाचटणी मूठभर खायला त्यांनी परवानगी दिली, ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी चालेल म्हणाल्या, गूळ आणि साखर साफ बंद, आणि रोज घाम येईतो चालणं. निघताना त्यांनी बजावलं, "आणि तपासणीआधी दोन दिवस उपाशी राहून फसवायचं नाही. मी तीन महिन्यांची सरासरी साखरही बघते." गुंडा मनात म्हणाला, बाई बाजारातली दिसतीया. विकायच्या आदल्या दिवशी मेंढराला मीठ चारून, पाणी पाजून फुगवणारे बहाद्दर त्यानं पुष्कळ पाहिले होते.

भाकरी आणि चालणं सोपं निघालं. सुकन्यानं शेंगाचटणी नव्यानं कुटली, त्या दिवशी गुंडाला दिवाळी वाटली. मोटारसायकल पडवीत उभी राहिली आणि तो पहाटे गावच्या कळपांमागं चालू लागला. म्हातारे धनगर त्याला बघून म्हणायचे, बापावर गेला शेवटी. अवघड होता तो चहा.

पहिल्याच बाजारात महादेवप्पा आडवा आला. महादेवप्पा विजापूरकडचा मोठा घेणारा, वर्षानुवर्षं गुंडाच्या शब्दावर मेंढे न्यायचा. त्या दिवशी एका देखण्या मेंढ्याचा भाव रुमालाखाली ठरला आणि चहा आला. गुंडानं हात जोडले. "मला नगं. तुमी घ्या."

महादेवप्पानं कप खाली ठेवला. "गुंडाप्पा, आपल्याच सौद्याचा चहा बेडा, नगं म्हणतोस? मग मेंढ्यात कायतरी हाय. आमाला मेंढा बी बेडा."

"तसं न्हाय वं. डॉक्टरनं बंद केलाय."

"तुझ्या अंगावर हाय काय बंद करायला?" महादेवप्पा म्हणाला आणि रुमाल खांद्यावर टाकून चालू लागला. दलालच सौद्याचा चहा पीत नाही, ही बातमी मेंढरांच्या धुळीबरोबर बाजारभर पसरली. त्या दिवशी गुंडाच्या हातून एकही सौदा झाला नाही. परतताना त्याला वाटलं, एक कप घेतला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? मग त्याला ती खुर्ची आठवली, तिच्यात डोळे मिटून बसलेली अक्का आठवली आणि स्वतःच्या मनाचीच लाज वाटली. एक कप कधीच एकटा नसतो, हे बाजारात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पुढच्या बाजाराला गुंडा कमरेला बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी बांधून गेला. हळदीचा तो भंडारा देवाचा. तो कपाळाला लावून बोललेला शब्द चहापेक्षा शंभरपट पक्का, हे त्या मुलखात सगळे मानतात. तरीही आजवर कुठल्या दलालानं हा मार्ग धरला नव्हता, आणि त्याला कारण होतं. भंडारा लावल्यावर खोटं बोलता येत नाही. आणि थोडं मीठमिरची लावल्याशिवाय दलाली कशी व्हायची?

महादेवप्पा आला होता, पण दुसऱ्या दलालाबरोबर. गुंडानं त्याला भर बाजारात अडवलं, एका मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावला, मग स्वतःच्या कपाळाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा मेंढा अंगानं झकास हाय. पर मागचा डावा पाय थंडीत आखडतो. तेवढं सोडून ह्याला नाव ठेवायला जागा न्हाय."

मेंढ्याचा मालक भडकला. "आरं, तू माझा दलाल का त्याचा?"

"आता मी भंडाऱ्याचा," गुंडा म्हणाला.

महादेवप्पानं वाकून मेंढ्याचा पाय तपासला. मग त्यानं गुंडाच्या पिवळ्या कपाळाकडे बघितलं. आणि रुमाल काढून हात पुढं केला. भाव थोडा उतरला, पण तो मेंढा तर गेलाच, वर आणखी जनावरं महादेवप्पानं गुंडाच्याच शब्दावर उचलली. काही विकणारे गुंडाला टाळू लागले, हे खरं. पण घेणारे त्याला शोधत येऊ लागले, आणि ज्यांचा माल चोख होता ते विकणारेही. लोक चेष्टेनं त्याला पुजारी म्हणत. गुंडा ती चेष्टा मिरवत असे.

तिसऱ्या रिपोर्टाच्या दिवशी मात्र तो मिशीला हात न लावता गेला. कुमारचा हात त्यानं घट्ट धरून ठेवला होता. डॉक्टरांनी कागद वाचला, परत पहिल्यापासून वाचला.

"चरबी हद्दीत आलीय, मामा. साखर उंबऱ्यावरून मागं सरकलीय. यकृतही सुधारलंय." गुंडाचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसायचा प्रयत्नही केला नाही. डॉक्टर पुढं म्हणाल्या, "पण हे जन्मभर पाळायचं. एकच किडनी असणार आहे तुम्हाला. धोका कमी झालाय, संपलेला नाही."

"बेलभंडारा उचललाय म्याडम. आता माघार न्हाय."

मग उरलेल्या तपासण्या, अवयवदानाच्या कमिटीपुढं जाणं, सह्या, हे सगळं रीतसर पार पडलं. ऑपरेशनच्या सकाळी भाऊबहिणीचे स्ट्रेचर दाराशी शेजारी शेजारी लावले होते. अक्काच्या अंगावर कुमारनं दुकानातून आणलेली नवीकोरी सोलापुरी चादर होती. रात्रभर तिला झोप नव्हती. भीती तिला स्वतःची नव्हती, भावाची होती, आणि तो लहान असल्यापासून त्याच्यापुढं भीती कशी लपवायची ते तिला माहीत होतं. तिनं चादरीखालून हात पुढं केला.

"बोल गुंड्या. काय भाव लावतोस?"

गुंडानं चादरीखाली हात घातला. अक्काचं एक बोट पुढं आलं होतं, बाभळीखाली यायचं तसंच. सुयांनी हात खडबडीत झाला होता. त्यानं ते बोट मिटवलं, मग बाकीची बोटं एकेक करून मिटवली आणि अख्खी मूठ आपल्या हातात घेतली.

अक्कानं मिटलेली मूठ तशीच त्याच्या हातात राहू दिली. मग ती म्हणाली, "सौदा पक्का कसा करायचा रं? चहा तर दोघांना बी बंद."

गुंडानं खूण केली तसा कुमारनं भंडाऱ्याची पिशवी उघडली. गुंडानं एक बोट अक्काच्या कपाळाला लावलं, एक स्वतःच्या. सिस्टर काही बोलणार होती, ती थांबली.

"आता भंडारा लागलाय," अक्का म्हणाली. "आता खोटं चालायचं न्हाय. सांग, हिच्यात काय खोट हाय का?"

"हाय," गुंडा म्हणाला. "पन्नाशीची हाय, नवी न्हाय. बाकी आता पाठीवर हात फिरवून सांगत न्हाय, रगत तपासून सांगतो. चरबी हद्दीत हाय."

अक्का हसली. दार उघडलं, न्यायला माणसं आली, पण तिनं चादरीखालचा हात काही सोडला नाही, आणि दोन्ही स्ट्रेचर थोडं अंतर तसेच बरोबर न्यावे लागले.